साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, जर्वेस पेनहॅलो, वय पंचवीस, मूळ राहणार ट्रेवेनिक, परगणा कॉर्नवॉल, इंग्लंड, हल्ली मुक्काम हेंगकोउ बंदर, यांगत्से नदी, येथील इंग्रज कॉन्सलच्या कचेरीतील सहायक व दुभाषी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला ताप नाही. मी दारू घेतलेली नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. ज्यांनी आणण्याचा प्रयत्न केला त्यांची नावे पुढे त्या त्या कलमात येतील. मी रागावलेला आहे, हे खरे. परंतु राग म्हणजे वेड नव्हे. तसे असते तर, कॉन्सल ग्रेल साहेब म्हणतात, माझी आजवरची एकही सही कायदेशीर ठरली नसती.

हे आजच लिहिण्याचे कारण असे. उद्या मी नदीने वर, शिशान गावी निघणार. तिथे जमावाने मिशनचे घर जाळले. पाद्री, त्यांची पत्नी आणि दोन परिचारिका गावच्या अंमलदाराच्या कचेरीत जीव मुठीत धरून बसली आहेत, त्यांना खाली आणायचे आहे. अशाच कामाला पूर्वी रीडी गेला होता. तो माझ्या आधी माझ्याच खुर्चीवर बसत असे. तो वाटेत मारला गेला. त्याने मृत्युपत्र केले नव्हते, त्यामुळे त्याच्या दोन बहिणी आणि एक अचानक उगवलेली वाग्दत्त वधू यांची भांडणे मिटवण्यात ग्रेल साहेबांचे वर्ष गेले. तेव्हापासून या कचेरीचा नियम आहे की वर जाणाऱ्याने मृत्युपत्र केल्याशिवाय होडीचा दोर सोडायचा नाही.

"तू मेलास तर मला तुझं दुःख करायचंय," साहेब मला म्हणाले, "तुझे मोजे मोजत बसायचं नाहीये."

कलम १. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी माझे वरिष्ठ, कॉन्सल सेप्टिमस ग्रेल यांना नेमतो. साहेबांची सारी नोकरी या किनाऱ्यावर गेली. जिथे त्यांची नेमणूक व्हावी तिथे बंदरात गाळ साचावा, असा त्यांचा पायगुण. शांघायची खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही, आणि आता ती मागायला जाण्याइतका त्यांचा पायही बरा नाही. संधिवाताने अंगठा वांग्यासारखा होतो. मी कचेरीत रुजू झालो त्या दिवशी विचारले होते, की या नोकरीत नेमके करायचे काय असते. ते म्हणाले, "इकडचे तिकडच्यांना मूर्ख समजतात, तिकडचे इकडच्यांना. आपण दोघांनाही सांगायचं, बाबांनो, वाटतो तितका नाहीये तो. झालं. बाकी सगळे लिफाफे."

माझी वेताची लांब खुर्ची मी त्यांना दिली होती. हे कलम वाचल्यावर त्यांनी बोट ठेवले. "हे काप. मी साक्षीदार म्हणून सही करणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. नाहीतर जो तो म्हाताऱ्याच्या उशाशी सही करून घर घेऊन जाईल." मी म्हणालो की मग सही दुसऱ्या कोणाची घेतो. "गप रे. तू उद्या गेलास की मी त्या खुर्चीत बसणारच आहे. त्याला कायदा कशाला पाहिजे?"

म्हणून खुर्ची कापली आहे. दुसरे साक्षीदार कचेरीचे चिनी लेखक आणि माझे भाषेचे शिक्षक शेन गुरुजी असावेत असे ठरले आहे. त्यामुळे त्यांनाही मी काही देत नाही. त्यांना दिले असते तरी त्यांनी घेतले नसते. सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत. का, ते कलम ८ मध्ये.

कलम २. ट्रेवेनिक येथील आईकडून आलेले दोन खोल्यांचे घर, मागच्या बटाट्याच्या तुकड्यासह, तिथे राहत असलेल्या विधवा टॅमझिन हॉकिंग यांना द्यावे. त्यांचा नवरा आणि माझे वडील एकाच होडीत बुडाले. माझे चुलते बार्थोलोम्यू पेनहॅलो यांना घर, अंगण वा बटाटे यांपैकी काही मिळू नये. चुलत्यांनी मला वाढवले, हे मी नाकारत नाही. दर जेवणाला त्यांनी आठवण करून दिल्यामुळे ते विसरणे शक्यही नाही. कॉलेज सुटल्यावर, "समुद्रापलीकडे जितकं लांब पाठवता येईल तितकं याला पाठवा," असे सांगून त्यांनी ओळखीच्या खासदाराकडून माझे नाव चीनमधील नोकरीच्या परीक्षेला घातले. मी परीक्षा पास झालो. याचा त्यांना झालेला धक्का अजून ओसरलेला नाही.

कलम ३. माझा दरबारी गणवेश मोडीत काढावा. तलवार पुढच्या सहायकाला द्यावी. ती पायात अडकते, सांभाळून. दोन टोकांची टोपी मात्र पेटीत घालून माझे कॉलेजातले शिक्षक डॉक्टर मॉर्डंट यांच्याकडे पाठवावी. मी एका मुलीवर कविता लिहिल्या होत्या. त्या डॉक्टरांच्या हाती लागल्या आणि त्यांनी भर वर्गात, आवाज काढून, वाचून दाखवल्या. मी त्यांची टोपी खिडकीतून नदीत फेकली. टोपी त्या वेळी त्यांच्या डोक्यावर होती की नव्हती याबद्दल चौकशीत दोन मते पडली. त्या मुलीने पुढे डॉक्टरांच्याच भाच्याशी लग्न केले. तिचे नाव आता मला आठवून बघावे लागते, पण टोपीची भरपाई राहिली होती. ती या कलमाने पूर्ण झाली असे समजावे.

कलम ४. कपडे. माझा जाड कोट कोणाला देता येणार नाही, कारण तो उद्या माझ्या अंगावर असेल, आणि मुळात तो रीडीचा आहे. इंग्लंडच्या वकिलांना कळावे म्हणून लिहितो. या किनाऱ्यावर माणूस मेला की त्याच्या सामानाचा लिलाव कचेरीच्या ओसरीवर होतो आणि पैसे घरी जातात. हातोडा मारायचे काम कनिष्ठ सहायकाचे, म्हणजे माझे. त्यामुळे इथे प्रत्येकाच्या अंगावर वा घरात कोणा ना कोणा मेलेल्याचे काहीतरी असतेच. एकाचे बूट, दुसऱ्याचे घंगाळ, तिसऱ्याची छत्री. रीडीचा कोट मी घेतला, कारण माझ्या मापाचा तोच एक होता. माझे इतर कपडे त्याच रीतीने विकावेत. जकात खात्याच्या हॅडोला बोली लावू देऊ नये.

कलम ५. याच हॅडोला मी क्लबातली बिलियर्डची मोडलेली काठी देतो. ती कशावर मोडली हे त्याला आठवेल. त्याने कलम ८ मधल्या मुलीचे नाव घेऊन जे म्हटले ते इथे लिहीत नाही. ते पुन्हा म्हटल्यास क्लबात आणखी काठ्या आहेत.

कलम ६. माझे तट्टू, नाव डीकन, मोतद्दार लाओ-हे याला द्यावे. ते त्याचेच ऐकते. शर्यतीत ते तीनदा शेवटून पहिले आले, परंतु त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सारे तिथून निघते.

गेल्या उन्हाळ्यात नदीला पूर आला. खालच्या गल्ल्या बुडाल्या. कचेरी उंचावर असल्याने ग्रेल साहेबांनी शेन गुरुजींना निरोप पाठवला, की घरच्यांना घेऊन या. गुरुजी आले ते पुस्तकांच्या पेट्या, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आणि मुलगी रूयिन यांच्यासह. रूयिनला मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, पण ऐकले पुष्कळ होते. गुरुजींच्या घरी शिकायला बसलो की मधल्या लाकडी जाळीमागून आवाज येई. "बाबा, तुमच्या शिष्याचं अक्षर बघितलं. कोंबडी शाईतून चालत गेली वाटतं." गुरुजी खोकत. मी अक्षर सुधारत असे. पेकिंगच्या वकिलातीत दोन वर्षे तीन-तीन शिक्षक लावून माझे अक्षर जितके सुधारले नव्हते तितके त्या जाळीने एका हिवाळ्यात सुधारले.

कचेरीत जाळी नाही. तिथे एकच लांब ओसरी, आणि पाणी चढले तेव्हा त्याच ओसरीच्या टोकाला डीकनलाही आणून बांधावे लागले. सकाळी बघतो तर रूयिन टपालाच्या पेटीवर बसून वाचत होती आणि डीकन तिच्या टोपलीतली मुळ्याची पाने खात होता.

"हा तुमचा का?" तिने विचारले.

"हो."

"याला माझ्यापेक्षा चांगली जागा दिलीत. वारा आहे, नदी दिसते."

मी म्हणालो, की बदलून देतो.

"नको. रात्री घोरतो म्हणतात तो. की ते तुम्ही?"

मी डीकनचा दोर सोडला आणि पुन्हा बांधला. तिचे लग्न ठरले होते, पण नवरा मुलगा लग्नाआधीच वारला. तेव्हापासून तिला वाईट पायगुणाची म्हणतात आणि कोणी विचारत नाही. हे तिनेच मला सांगितले, मुळ्याचा पाला तट्टाच्या तोंडातून ओढून घेता घेता. मी ग्रेल साहेबांच्या पायगुणाची, बंदरातल्या गाळाची गोष्ट सांगितली. ती हसली. पाणी उतरेपर्यंत आम्ही रोज बोललो. पाणी उतरले, गुरुजी घरी गेले, आणि पुन्हा जाळी आली. त्यानंतर तिने मला एकही शब्द उद्देशून म्हटलेला नाही. जाळीमागून अक्षरावर जे येते ते वडिलांना उद्देशून असते.

डीकनला मुळ्याची पाने अधूनमधून द्यावीत.

कलम ७. पुस्तके आणि चिनी शब्दकोश पुढच्या दुभाषी उमेदवाराला. समासात मी काही ठिकाणी शब्दकोश रचणाऱ्याशी भांडलो आहे. ते खोडू नये; तिथे माझे बरोबर आहे.

कलम ८. उरलेले सर्व, म्हणजे बँकेतली शिल्लक, बंदूक, वडिलांचे घड्याळ, आणि प्रांताधिकारी ताओ साहेबांनी नववर्षाला दिलेल्या चहाच्या झाकणाच्या वाट्या, हे मी कुमारी शेन रूयिन, शेन गुरुजींची कन्या, हिला देतो.

वाट्यांविषयी खुलासा. इथे बड्या माणसाकडे भेटीला गेले की आल्याआल्या चहा पुढे ठेवतात. तो प्यायचा नसतो. यजमानाने आपली वाटी उचलली की भेट संपली. दारातला नोकर "पालखी आणा" म्हणून ओरडतो आणि पाहुण्याने वाक्य अर्धे टाकून उठायचे. ताओ साहेबांकडे आम्ही जेव्हा जेव्हा अडकलेल्या मालाचा विषय काढत असू तेव्हा तेव्हा त्यांचा हात वाटीकडे जाई. ग्रेल साहेबांनी याच्यावर उपाय काढलेला आहे. ते श्वास न घेता बोलतात, कारण बोलणाऱ्याच्या तोंडावर वाटी उचलणे हा उद्धटपणा. मला ही कला येत नाही. मला श्वास घ्यावा लागतो.

शेन गुरुजींकडे मी रूयिनला मागणी घालायला तीनदा गेलो. पहिल्या वेळी मी "तुमच्या कन्येविषयी" इतके म्हणालो आणि वाटी वर गेली. दुसऱ्या वेळी मी हवामानापासून सुरुवात केली. गुरुजींनी हवामानालाच वाटी उचलली. तिसऱ्या वेळी मी सांगितले, की पेकिंगला लग्नाची परवानगी मागितली आहे. आमच्या खात्यात कनिष्ठाला पेकिंगच्या राजदूतांच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नाही. त्या वेळी गुरुजींनी वाटी अर्ध्यापर्यंत नेली आणि तिथेच धरून, त्यांनीच मला दिलेल्या चिनी नावाने हाक मारून म्हणाले, "पेई साहेब, तुमची तिकडे बदली होईल. तुम्ही लोक बदलीवर जाता आणि इथली माणसं इथेच राहतात. तिला एकदा लोकांनी नावं ठेवून झालीत." मग उचलली. त्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखतो आणि ते कचेरीत येत नाहीत.

परवानगीचे उत्तर आणि शिशानला जाण्याचा हुकूम एकाच थैलीतून आले. उत्तर एका ओळीचे होते. हट्ट असल्यास नोकरी सोडावी. मी तिथेच उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. ग्रेल साहेबांनी तो वाचला आणि खणात टाकला.

"शिशानचं काम दुसरं करणारं कोणी नाही. माझा हा पाय. तिथे दोन पोरी आणि एक म्हातारं जोडपं बसलंय. त्यांना घेऊन ये, मग मी स्वतः हा कागद पेकिंगला पाठवतो."

"आणि नाही आलो तर?"

"राजीनामा दिलेल्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणता येत नाही. खणातच राहू दे."

साहेबांचा या कलमालाही आक्षेप होता. म्हणाले, "मुलीचं नाव घालू नकोस. हा कागद उद्या मोठ्यानं वाचला जाईल. तिनं तुला हो तरी म्हटलंय का?"

"नाही."

"नाही म्हटलंय?"

"तेही नाही. तिला कोणी विचारलेलंच नाही. प्रत्येक वेळी वाटी वर जाते."

"म्हणजे जिनं तुझ्याशी एक पूर भरून गप्पा मारल्या तिला तू घड्याळ, बंदूक आणि बदनामी देऊन चाललास."

मी म्हणालो, की मला देण्यासारखे दुसरे काही नाही आणि देण्यासारखे दुसरे कोणी नाही. ते म्हणाले, की हे वाक्य डॉक्टर मॉर्डंटना वाचायला मिळू नये. परंतु कलम त्यांनी कापले नाही.

कलम ९. हे कलम व्यवस्थापकांनी सर्वांत काटेकोरपणे पाळावे. माझ्या जिवाला काही झाल्यास माझ्या नावाने कोणत्याही गावावर तोफा लावू नयेत, दंड मागू नये आणि डोकी मागू नयेत. रीडी मेल्यावर गनबोट वर गेली. वरून दडपण आले, आणि अंमलदाराने सहा माणसे आणून नदीकाठी उभी केली. त्यांतले दोघे रीडी मेला त्या दिवशी दुसऱ्याच गावच्या तुरुंगात होते. हे गावाला माहीत होते, शेन गुरुजींना माहीत होते. ग्रेल साहेबांनी तसे लिहून कळवले. तेव्हापासून त्यांना शांघायबद्दल कोणी विचारत नाही. रीडी तापट नव्हता. कोंबडी कापताना बघवत नसे त्याला. त्या सहांचे त्याला काय करायचे होते? मी तापट आहे, तरी मलाही काही करायचे नाही. ज्याने मला मारले असेल त्याला शोधून रीतसर न्याय करता आला तर करावा. नाही सापडला तर राहू द्यावे.

कलम १०. मला पुरण्याची जागा हेंगकोउच्या टेकडीवर, रीडीशेजारी असावी. दगडावर कविता घालू नये.

येथवर सकाळी लिहिले. आता साहेबांबरोबर शेन गुरुजींकडे सह्यांसाठी जायचे आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असावे लागतात, आणि गुरुजींचा गुडघा कचेरीकडे वळत नाही, म्हणून साहेबांचा अंगठा तिकडे पालखीतून नेत आहोत.

पुरवणी. हे मी शेन गुरुजींच्या टेबलावर, दुपारी, सही करण्यापूर्वी लिहीत आहे. साहेब घाई करत आहेत, पण व्यवस्थेत बदल झाला असल्यामुळे त्याचे कारण कागदावर असणे आवश्यक आहे.

आम्ही गेलो. गुरुजींनी साहेबांना मानाच्या जागी बसवले, मला खालच्या. साहेबांचे पाय चौरंगावर. प्रकृतीची विचारपूस झाली, अंगठ्याची झाली, गुडघ्याची झाली. मग गुरुजींनी हात टेबलाकडे नेला. टेबलावर काही नव्हते. चहा आलाच नव्हता.

गुरुजींनी जाळीकडे बघून विचारले, "चहाचं काय झालं?"

"पाणी उकळतंय बाबा," आतून आवाज आला.

साहेबांनी मृत्युपत्र, ओळ ओळ चिनीत करत, वाचायला घेतले. मी चुलत्यांच्या कलमापासून गुरुजींचा चेहरा बघत होतो. हॅडोच्या काठीला त्यांच्या मिशा किंचित हलल्या. तट्टाच्या कलमात मुळ्याची पाने आली तेव्हा त्यांचा हात पुन्हा टेबलावर आला आणि रिकामाच फिरला.

"अगं, चहा."

"कोळसा ओला आहे बाबा. पूर आला होता ना."

"पूर गेल्या वर्षी आला होता."

"मग ओलाच असणार."

साहेब थांबले नाहीत. कलम आठ त्यांनी पूर्ण वाचले, माझ्या तिन्ही फेऱ्यांसकट, आणि मला जमिनीवरच्या फरश्या बघाव्या लागल्या. मग नऊ वाचले. त्या सहा माणसांपाशी गुरुजी उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. जाळीमागे काही हलत नव्हते. वाचन संपल्यावर साहेबांनी कागद मांडीवर ठेवले. उचलायला काही असते तर गुरुजींनी केव्हाच उचलले असते.

शेवटी ते म्हणाले, "हा कागद तुमच्या कचेरीत वाचतील. जकातवाला तो मनुष्य ऐकेल. मग बाजार ऐकेल. आणि माझ्या मुलीच्या दारात एका मेलेल्या परदेशी माणसाची बंदूक येईल. मी यावर सही करायची?"

"सही केल्यानं तुम्ही मान्य केलं असं होत नाही," साहेब म्हणाले. "त्यानं सही केली ती बघितली, इतकंच. साक्षीदाराचा कागदाशी संबंध नसतो. उलट साक्षीदाराला त्यातून काहीच मिळत नाही."

"काहीच नाही?" हा प्रश्न जाळीमागून आला, आणि या वेळी तो वडिलांना उद्देशून नव्हता.

"काही नाही," साहेब जाळीकडे न बघता म्हणाले. "लिहिलेलं असलं तरी."

"मग बाबा, तुम्ही नका करू. मी करते सही."

"तू?" गुरुजी वळले. "त्यात सगळं तुलाच दिलंय. ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं म्हणूनच. चांगलं ऐकलं. मोठ्यानं वाचतात ग्रेल साहेब." आणि ती बाहेर आली. हात कोळशाने काळे नव्हते, हे मी बघितले आणि बहुधा गुरुजींनीही. ती माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलली. "एकदा एका मेलेल्या माणसाच्या नावानं मला बसवून ठेवलंय. आणखी एकाच्या नावानं घड्याळ घेऊन बसू? मी काय तुमच्या ओसरीवरच्या लिलावाला आलेय? ज्याला मला काही द्यायचं असेल त्यानं स्वतः आणून द्यावं. जिवंत हातानं."

गुरुजी म्हणाले, "रूयिन, विचार कर. हे नाव कागदावरून पुसलं जात नाही."

"माहीत आहे बाबा. नाव तसंही आत आहेच. निदान या वेळी मी स्वतः लिहिलेलं असेल."

साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, की व्यवस्थापक म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणे त्यांचे कर्तव्य आहे. ती साक्षीदार झाली की कलम आठ निकामी. दुसरा वारस लिहिलेला नाही. मग उरलेले सर्व कायद्याने सर्वांत जवळच्या नातलगाकडे, म्हणजे इंग्लंडला, बार्थोलोम्यू पेनहॅलो यांच्याकडे जाईल.

"ते बटाटेवाले काका?" रूयिनने विचारले.

"तेच."

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितले. "घड्याळ त्यांना मिळावं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग काय करावं लागेल ते तुम्हाला कळत असेल. की तेही अक्षरासारखं शिकवावं लागेल?"

मला कळले आहे. म्हणून दुसरा वारस मी मुद्दाम लिहीत नाही. साहेबांनी दोनदा विचारले, दोनदा नाही म्हणालो. कलम आठ जसे आहे तसेच राहू द्यावे आणि कायद्याने ते जसे निकामी होते तसे होऊ द्यावे. चुलत्यांना माझे काहीही मिळू नये ही माझी इच्छा कायम आहे, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी आता व्यवस्थापकांवर नसून माझ्यावर आहे. शिशानहून मी त्या चौघांना घेऊन खाली येईन. खणातला कागद पेकिंगला जाईल. त्यानंतर मी या घरी चौथ्यांदा मागणी घालायला येईन.

हे लिहीत असताना ती शाई उगाळते आहे. चहाही आला. तीन वाट्या, झाकणासह. गुरुजींनी आपल्या वाटीकडे बघितले आणि खिडकीशीच उभे राहिले. साहेब म्हणतात, पुरे कर, चहा निवतोय. निवू दे. कोणी उचलत नाही आहे.

वर लिहिलेले सर्व मी लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. खोडाखोड एकच, कलम १ मधील खुर्ची.

सही: जर्वेस पेनहॅलो

वरील सही आम्हां दोघांच्या देखत, दोघेही एकाच वेळी हजर असताना झाली:

साक्षीदार पहिला: सेप्टिमस ग्रेल, कॉन्सल, हेंगकोउ.

साक्षीदार दुसरी: शेन रूयिन, शेन गुरुजींची कन्या, राहणार नदीफाटक गल्ली, हेंगकोउ. सही स्वतःच्या हाताने, चिनी अक्षरांत. हिला कलम आठ वाचून दाखवले. सही केल्यास त्यातील काहीही मिळणार नाही हे समजावून सांगितले. समजले, असे म्हणाली, आणि सही केली.

ठिकाण: शेन गुरुजींचे घर, हेंगकोउ.
तारीख: ९ एप्रिल १८९२.